रविवारी दहा वाजता : वृद्धाश्रमातली उपासना



वेरूळ-खुलताबाद भागात कुठल्याही गटाच्या बैठकीला गेले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुम्ही दर रविवारी त्या वृद्धाश्रमात जाता, तिथं नेमकं करता काय?" विचारणारीच्या आवाजात कधी नुसतं कुतूहल असतं, कधी थोडी शंकाही असते. दोन्हीला उत्तर द्यायला हवं, म्हणून आज त्यावरच बोलणार आहे.

मी ख्रिस्ती आहे. माहेर गंगापूर तालुक्यातलं. सगळी नोकरी नर्स म्हणून केली. आमच्यात चर्चला येणाऱ्या सगळ्या कुटुंबांना मिळून 'मंडळी' म्हणतात. आमच्या मंडळीतल्या आम्ही चौघी बाया आळीपाळीनं जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात जातो. महिन्यातून एकदा पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, सोबत येतात. तिथं राहणाऱ्यांत ख्रिस्ती थोडेच आहेत. बाकी सगळ्या जातीधर्मांचे. काहींची मुलं वाळूजच्या कंपनीत आहेत, काहींची मुलं ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारीला बघायला मागं कुणी उरत नाही. काहींना मूलच नाही. एक-दोघांना मुलं आहेत, घर आहे, शेत आहे, आणि तरी ते तिथं आहेत. त्यांच्याबद्दल पुढे बोलते.

उपासना सकाळी दहाला असते. हे मुद्दाम सांगते, कारण वेळेवर सगळं अवलंबून आहे. आठला चहा-नाश्ता, मग गोळ्या, मग आंघोळी. दहा ते साडेदहा ही वेळ अशी की माणूस जागं असतं, पोटात काहीतरी असतं आणि अजून थकलेलं नसतं. चाळीस मिनिटांच्या पुढं आम्ही जात नाही. त्यापुढं कुणाला लघवीला जायचं असतं, कुणाची कंबर धरते. ती बिचारी लाजेनं बोलत नाहीत आणि मग उपासना म्हणजे शिक्षाच होते. खुर्च्या ओळीनं मांडत नाही, गोल मांडतो. ओळीत बसलं की पुढच्याची पाठ दिसते. गोलात बसलं की एकमेकांची तोंडं दिसतात, आणि ऐकू कमी येणारी माणसं ओठ बघून निम्मं समजून घेतात.

आधी गाणी. आमच्याकडे भजनाची जुनी रीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर मराठी मंडळ्यांना अभंगाच्या, ओवीच्या चालीत गायला लावलं. इंग्रजी सूर बाजूला ठेवून टाळ, पेटी, तबला चर्चमध्ये आणण्यात त्यांचा मोठा वाटा. टिळक १९१९ साली गेले, पण त्यांची भजनं अजून प्रत्येक मराठी चर्चमध्ये म्हणतात. त्याचा फायदा वृद्धाश्रमात कळतो. चाल ओळखीची असते, म्हणून जी आजी कधी चर्चची पायरी चढलेली नाही तिचा हातसुद्धा टाळीला आपोआप उठतो. नवीन गाणी मोबाईलवर लावून दाखवायचा मोह तरुण पोरींना होतो. मी त्यांना नको म्हणते. म्हाताऱ्या माणसाला नवीन ऐकायची भूक कमी असते, आपलं जुनं आपल्याला अजून येतं हे कळायची भूक जास्त असते.

एक आजी आहेत. स्वतःच्या मुलीला ओळखत नाहीत. आज वार कोणता, जेवण झालं की नाही, काही सांगता येत नाही. पण लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली की शेवटपर्यंत म्हणतात, एक शब्द इकडचा तिकडे न होता. डॉक्टर सांगतात की विस्मरणाच्या आजारात आधी ताजं पुसलं जातं, लहानपणी घोकलेलं आणि गायलेलं बरंच उशिरापर्यंत राहतं. त्यांची मुलगी भेटायला आली की मी तिला सांगते, "तुमचं नाव विचारू नका. शेजारी बसा आणि त्यांच्याबरोबर म्हणा." मुलगी म्हणते तेव्हा दोघी निदान एका गोष्टीत तरी एकत्र असतात.

मग शास्त्रवाचन. लांबलचक उपदेश नाही, एखादी गोष्ट. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती रूथची. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलं घेऊन परक्या देशात जगायला गेली. तिथं नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. उरल्या तीन विधवा, सासू आणि दोन सुना. नामी परत निघाली तेव्हा रूथ नावाची सून तिला सोडून माहेरी जायला तयार होईना. परमुलखातली ती पोर सासूबरोबर आली आणि दुसऱ्यांच्या शेतात सर्वा वेचून तिनं सासूला जगवलं. ही गोष्ट सांगताना 'दुष्काळ' शब्द आला की आमची उपासना थांबते. कारण मग बहात्तरचा दुष्काळ निघतो. कोण खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर होती, सुकडी कशी मिळायची, लाल मिलोच्या भाकरी कशा व्हायच्या, लेकरू पाटीत ठेवून काम कसं केलं. मी थांबवत नाही. एक जण बोलते, दुसरी तिला दुरुस्त करते, तिसरी रडते. माझ्या मते उपासना तिथंच चालू असते. काही पाळकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं वचनावरून लक्ष उडालं. पण आयुष्यात कुणी कधी "तुमचं कसं झालं?" असं विचारलेलं नसतं, त्या बाईला ते विचारणं हेही माझ्या दृष्टीनं पाळकाचंच काम आहे.

दुसरी आवडती गोष्ट हन्नाची. येरुशलेमच्या मंदिरात राहणारी चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा त्याला ओळखणाऱ्या दोघांतली ती एक, आणि दुसरा शिमोन, तोही म्हाताराच. नाताळाच्या आधी ही गोष्ट सांगितली की आज्या सावरून बसतात. एवढी मोठी बातमी आधी म्हाताऱ्यांना कळली, हे त्यांना फार आवडतं.

प्रभुभोजन महिन्यातून एकदा. भाकर आणि द्राक्षरस. इथं माझं नर्सचं डोकं चालतं. पक्षाघात झालेल्या माणसाला कोरडा तुकडा घशात अडकू शकतो. म्हणून तुकडा अगदी बारीक करायचा, रसात भिजवून मऊ करायचा, माणसाला नीट बसतं करायचं, हनुवटी जराशी खाली, आणि गिळल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. नळीनं अन्न घेणाऱ्याला तोंडानं काही देत नाही. हात धरून प्रार्थना करतो आणि ते पुरतं, असं पाळकसाहेब त्यांना स्पष्ट सांगतात, नाहीतर आपण वगळले गेलो असं वाटतं. जे कॅथलिक आहेत त्यांची रीत वेगळी. त्यांना मिस्सा हवा, पापनिवेदनासाठी धर्मगुरू हवेत, आजारपणात धर्मगुरूंच्या हातून तेलाचा अभ्यंग हवा. आम्ही ते करू शकत नाही, करायचा आवही आणत नाही. त्यांच्या चर्चला फोन करून फादरना बोलावतो. ज्याचं त्याला मिळालं पाहिजे.

आता शंकेकडे येते. "तुम्ही लोकांना धर्मात ओढायला जाता का?"

या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रात जुना इतिहास आहे आणि तो एका बाईच्याच घरातला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धर्माच्या बाबतीत तिथं कुणावर सक्ती नव्हती. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती होत्या आणि आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या खोलीचं दार मी का लावू? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ज्या मुलीला जायला दुसरं घर नाही तिच्यासाठी उघडं दार म्हणजे नुसतं दार नसतं. मला दोन्हीत तथ्य वाटतं. रमाबाईंचा अधिकार मी नाकारत नाही, धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क आज राज्यघटनेचं पंचविसावं कलमही देतं. पण वृद्धाश्रमात मी दुसरी बाजू जास्त लक्षात ठेवते. जी बाई आपल्या हातचं जेवते, जिला आपण कूस बदलून देतो, ती आपल्याला 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणून तिला विचारायचंच नाही. आमचा नियम असा : उपासना दिवाणखान्यात, जेवणघरात नाही, म्हणजे ज्याला नको त्याला न येता जेवता येतं. चहा-बिस्किटं सगळ्यांना, उपासनेला बसलेले असोत की नसोत. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ, त्यानं स्वतः मागितल्याशिवाय, मोठ्यानं प्रार्थना नाही.

एकदा एक वारकरी आजी मला म्हणाल्या, "माय, तुझं गाणं चांगलंय, पण मला माझा हरिपाठ म्हणू दे." मी म्हटलं, "म्हणा ना आजी, मी बसते इथंच." त्या म्हणाल्या, मी ऐकलं. त्यानंतर दर रविवारी उपासना झाली की मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसते. वेरूळच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे एकाच डोंगरात बुद्धाची, शिवाची आणि जिनाची लेणी शेजारी शेजारी आहेत.

या कामातला नमुना मला कोलकात्याच्या मदर तेरेसांच्या निर्मल हृदयात दिसतो. १९५२ साली कालीघाटच्या देवळाला लागून असलेल्या धर्मशाळेत मरणाला टेकलेल्या माणसांसाठी ते घर सुरू झालं. तिथं हिंदूच्या मुखात गंगाजल, मुसलमानाला कुराणाचं पठण आणि कॅथलिकाला त्याचा शेवटचा विधी, अशी पद्धत ठेवली. मदर तेरेसांवर टीका पुष्कळ झाली, औषधोपचारांबद्दलची काही टीका मला नर्स म्हणून पटते. पण मरणाऱ्याला त्याचाच विधी द्यायचा, हे मी तिथून घेतलं.

म्हाताऱ्या बायांसाठी वेगळं घर ही कल्पना आपल्याकडे परदेशातून अलीकडे आली, असं समजू नका. रमाबाईंनी पुढं दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात आणि त्यानंतर १९०० च्या दुष्काळात तिथं शेकडो बायापोरी आल्या. त्यांत म्हाताऱ्या आणि अधू बायांसाठी प्रीतिसदन होतं, अंध बायांसाठी बार्तिमी सदन होतं. आंधळ्यांना ब्रेल शिकवत. रमाबाई तिथंच राहिल्या, शेवटी त्यांनाही ऐकू येईनासं झालं होतं. तरी त्या बायबलचं भाषांतर करत बसल्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. एवढी संस्कृत पंडित बाई, पण भाषांतर अगदी साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. छपाईचं काम मुक्तीच्याच छापखान्यात बायांनी केलं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

त्याच्याही आधीची फ्रान्सची गोष्ट. झान जुगां नावाची एक मोलकरीण होती, वय सत्तेचाळीस. १८३९ च्या हिवाळ्यात तिनं एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला उचलून स्वतःच्या खोलीत आणलं, आपलं अंथरूण तिला दिलं आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. त्यातून पुढं गरीब म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बहिणींचा संघ उभा राहिला. टोपली घेऊन दारोदार मागून आणायचं आणि म्हाताऱ्यांना घालायचं. १८८२ साली या बहिणी कोलकात्याला आल्या. मुंबईत अंधेरीला महाकाली लेण्यांच्या रस्त्यावरही त्यांचं घर आहे.

परत आपल्याकडे येऊ. उपासना संपली की खरं काम सुरू होतं, खाटेखाटेला जायचं. यात बोलण्यापेक्षा बसणं जास्त. उभं राहून बोललं की माणसाला वाटतं ही निघाली. म्हणून स्टूल घ्यायचं, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, सावकाश आणि जाड आवाजात बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडल्यानं शब्द फाटतात. तीन वाक्यं आम्ही बोलायची नाहीत असं ठरवलं आहे. "देवाची इच्छा" हे एक. "तुम्ही बऱ्या होणार" हे दुसरं. आणि "पोरगा येईल हो दिवाळीला" हे तिसरं, कारण तो आला नाही की आपणही खोट्यांच्या यादीत जातो. खाटेशेजारी ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, एकमेकींतही नाही.

याला एकच अपवाद. कुणाला मारलेलं असेल, जमीन लिहून घेऊन बाहेर काढलेलं असेल आणि त्या माणसाची तयारी असेल, तर नुसती प्रार्थना करून उठायचं नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील लागत नाही. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्चाचा आदेश होऊ शकतो. सांभाळायच्या अटीवर जमीन किंवा घर मुलाच्या नावे केलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन आहे. आमच्या उपासनेच्या वहीच्या मागच्या पानावर हा नंबर लिहिलेला आहे.

सगळ्यात अवघड म्हणजे रिकामी खाट. रात्री कुणी गेलं की बऱ्याच ठिकाणी पहाटेच, बाकीचे उठायच्या आत, नेतात. हेतू चांगला असतो, घाबरू नयेत म्हणून. पण सकाळी उठून शेजारची गादी गुंडाळलेली दिसली आणि कुणी काही बोलेना, की उरलेल्यांना कळतं आपलंही असंच होणार. आमच्या वृद्धाश्रमातल्या व्यवस्थापकांशी बोलून आम्ही पद्धत बदलली. आता गेलेल्या माणसाला अर्धा तास दिवाणखान्यात ठेवतात. ज्याला यायचं तो येतो, कुणी फूल ठेवतं, कुणी हात जोडतं. पुढच्या रविवारी नाव घेऊन त्या माणसाची एक आठवण सांगतो, धर्म कोणताही असो.

दफनाचं आधी विचारून ठेवावं लागतं. विचारताना जीभ अडखळते, पण म्हातारी माणसं उलट सुटल्यासारखी होतात. कुठल्या मंडळीच्या कबरस्थानात, कुणाला कळवायचं, कुणाला मुळीच कळवायचं नाही, कोणतं गाणं म्हणायचं, कोणतं लुगडं नेसवायचं. एका आजींनी सांगितलं, "माझी चप्पल पायात घाला, मला अनवाणी आवडत नाही." लिहून ठेवलं आणि तसं केलं. हिंदू आज्यांचंही लिहून घेतो, तुळशीपत्र, अग्नी कोण देणार, सगळं. खांदा द्यायला माणसं लागतात, ती कधी कधी मिळत नाहीत. रमाबाईंची आई १८७४ च्या दुष्काळात गेली तेव्हा न्यायला माणसं पुरेनात. स्मशान लांब. शेवटी लहानखुऱ्या रमाबाईंनीच चौथ्या बाजूचा भार घेतला आणि उंची पुरेना म्हणून तो डोक्यावर घेऊन चालल्या. हे वाचल्यापासून आमच्या चौघींनी ठरवलं की कुणी पुरुष नाही आला तर आपण उचलायचं. आतापर्यंत दोनदा उचललं. नाकं मुरडली काहींनी.

तुमच्या गटातल्या कुणाला यायचं असेल तर जरूर या, ख्रिस्ती असायची काही गरज नाही. फळं फार आणू नका, बहुतेकांना साखर आहे आणि सीताफळाच्या बिया निवडताना त्रास होतो. नेलकटर आणा, खोबरेल तेल आणा, बारीक दाताची फणी आणा. डोक्याला तेल लावता लावता जेवढं बोलणं होतं तेवढं कशानंच होत नाही. घरात जुना, चालणारा रेडिओ पडला असेल तर तोही आणा. आणि निघायच्या आधी तिथं एक फोन करा, कारण दुपारी दोन ते चार सगळे झोपलेले असतात.